विनीच्या वाढदिवसाला काही आणू नये

ती. उनाताईस,

क्लेमचा नमस्कार. वाकून करायचा होता, पण माझी कंबर तुला ठाऊक आहे. एकदा वाकलो तर हे पत्र लिहायला वर कोण येणार? तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझा नवा गुडघा कसा आहे? नवा आहे म्हणून जिन्यावर त्याची परीक्षा घेत बसू नकोस. तिकडे पर्थला अजून ऊन असेल. आमच्या टास्मानियात मात्र दक्षिणेचा वारा सुटलाय, धक्क्यावरची माणसं कोटात शिरली आहेत आणि मी तू विणून पाठवलेला निळा स्वेटर घालून बसलोय. (तो अजूनही मोठा होतो. ताई, मी सत्तरी ओलांडली. माझी वाढ थांबल्याचं आईने तुला कळवलं नव्हतं का? बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी दोरखंडाची वेटोळी झाल्यासारखं दिसतं.)

विनीच्या वाढदिवसानिमित्त तू जी देणगी दिलीस तिचं प्रमाणपत्र पोचलं. सोनेरी कडा आहे, शिक्का आहे, कागदही जाड आहे. मधोमध ठळक अक्षरांत छापलंय, 'कुमारी विनी हॅलम हिच्या स्मरणार्थ'. ताई, संगणकावर 'सन्मानार्थ'च्या जागी 'स्मरणार्थ' दाबलं गेलं तुझ्याकडून. चष्मा लावून बसत जा. नात सात वर्षांची झाली आहे, ठणठणीत आहे आणि, दुर्दैवाने, तिला वाचता येतं. पण तुला एकटीला कशाला बोलू? सगळ्या गोंधळाची सुरुवात तुझ्या या लाडक्या भावाने केली. गुडघ्यामुळे तुला तेव्हाही येता आलं नाही आणि आताही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. चहा घेऊन बस.

मागच्या ऑगस्टात आपल्या गार्थची बोट भूशिराबाहेर उलटली, तेव्हा त्या वाऱ्यात जी माणसं बाहेर पडली ती बचाव पथकाची. पथक म्हणजे काय, तर आपला बेकरीवाला रेग, शाळेची बस चालवणारा, आणि असेच चारदोन. पगार नाही, बोट जुनी, इंजिन खोकणारं. त्यांनी माझ्या मुलाला परत आणलं. जिवंत नाही, पण आणलं. समुद्राने ठेवून घेतलेली माणसं या गावात बरीच आहेत आणि त्यांच्या घरच्यांचे डोळे कायम खिडकीकडे असतात, म्हणून हे आणण्याचं मोल मला समजतं. तेव्हा अंत्ययात्रेच्या कार्डावर ब्रॉनने (आपल्या सूनबाईने) छापून घेतलं, की फुलं आणू नयेत, त्याऐवजी बचाव पथकाला देणगी द्यावी. लोकांनी देणगी दिली. पण दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मटणाच्या रश्श्याची झाकणवाली भांडी आणली, आणि विनीसाठी म्हणून अस्वलं आणली. कापसाची. इतकी, की आमच्या कोचावर आता माणसाला बसायला जागा नाही. बाप गेलेल्या पोरीला अस्वल द्यावं हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, देव जाणे! संध्याकाळी दिवा लावला की एवढे डोळे एकदम चमकतात, की मीच दचकतो.

म्हणून वाढदिवस जवळ आला तशी ब्रॉन मला म्हणाली, "क्लेम, आता या घरात आणखी एक अस्वल आलं ना, तर ते अस्वल आणि ते आणणारा, दोघांना धक्क्यावरून ढकलीन. वाढदिवसाला कोणी काही आणायचं नाही. द्यायचंच असेल तर पथकाला द्या म्हणावं, इंजिन तरी येईल त्यांचं." मला विचार पसंत पडला. कार्डाचं काम माझ्याकडे आलं, कारण ब्रॉन दिवसभर मासळीच्या कारखान्यात हातमोजे घालून उभी असते आणि कार्ड हा शब्द तिला तेव्हापासून सहन होत नाही.

छापखान्यातल्या नॉर्मला मी मजकूर सांगायला गेलो, तर त्याने मान वर न करता विचारलं, "मागच्यासारखंच ना?" मी म्हटलं, "मागच्यासारखंच. नाव नि तारीख बदल, फुलांच्या जागी भेटवस्तू घाल." यात माझं काय चुकलं, सांग! नॉर्मने इमानाने तेवढंच बदललं. काळी चौकट तीच, वरचा नांगर तोच. 'कुमारी विनी हॅलम हिच्या आयुष्याचा सोहळा.' खाली तिची जन्मतारीख, मग आडवी रेघ, मग शनिवारची तारीख. त्याखाली, 'भेटवस्तू आणू नयेत. त्याऐवजी समुद्र बचाव पथकाला देणगी द्यावी. नंतर चहापानासाठी क्लबच्या हॉलमध्ये थांबावे.' तू म्हणशील, मेल्या, वाचलं नाहीस? वाचलं. चष्मा लावून वाचलं. मला सगळं बरोबर वाटलं. ताई, ऑगस्टपासून मी ते आधीचं कार्ड रोज सकाळी हातात घेऊन बसत होतो. तो मजकूर माझ्या अंगवळणी पडलाय, त्यात काही खटकायचं माझ्यात उरलं नव्हतं. मी शीळ घालत घरोघरच्या पेट्यांत कार्डं टाकून आलो.

गावाला धक्का बसला, पण गाव काही बोललं नाही. आपल्या गावचा नियम तुला माहीत आहे, दुःखी घराला भांडं द्यायचं, प्रश्न विचारायचा नाही. दुकानातल्या थेल्माने कार्ड वाचलं आणि ती बटाट्याच्या पोत्यावर बसली. तेवढ्यात दूध घ्यायला साक्षात विनीच दारात उभी. थेल्माने तिला चॉकलेटचा बेडूक फुकट दिला आणि पदराने, म्हणजे ॲप्रनने, डोळे पुसले. (थेल्माने कोणाला काही फुकट दिल्याची ही पहिलीच वेळ, त्यावरूनच मला शंका यायला हवी होती.) सगळ्यांनी मनाशी ठरवलं, की पोरीच्या निमित्ताने गार्थचीच आठवण काढायची असेल, बिचाऱ्यांच्या मनाचा तोल गेलाय, आपण आपलं काळे कपडे घालून जावं.

इकडे विनी एकदम गुणी झाली. सांगितल्याशिवाय दात घासू लागली. शिंपल्यांचा डबा, ज्याला मला हात लावायची परवानगी नव्हती, तो तिने शेजारच्या पोरीला देऊन टाकला. सायकलची घंटा कुत्र्याच्या पट्ट्याला बांधली, कुत्र्याला 'आठवण म्हणून'. मी काय समजलो? मी समजलो, हे दानाचे संस्कार! धक्क्यावर जो भेटेल त्याला सांगत सुटलो, की बघा, नात कोणाची आहे. लोक माझा हात दाबायचे आणि समुद्राकडे बघायचे.

एके दिवशी मी जाळं शिवत होतो, ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, पेटी कुठे ठेवणार?" मी म्हटलं, हॉलच्या मधोमध, केकच्या शेजारी, सगळ्यांना दिसली पाहिजे. "आत उशी असते?" मी हसलो. "उशी कशाला गं? वर एक फट असते, तेवढी पुरते." तिने जाळ्याच्या एका भोकात बोट अडकवलं. "झाकण उघडता येतं आतून?" मी म्हटलं, छे, कुलूप असतं, किल्ली रेगकाकाकडे. "आणि मग?" मग काय, रेगकाका ती उचलून पथकाच्या शेडमध्ये नेणार आणि तिथे रिकामी करणार. एवढं ऐकून पोरगी पांढरी पडली. मी देणगीपेटीबद्दल बोलत होतो, ताई. इतकं सविस्तर, इतकं प्रेमाने मी त्या जीवाला समजावून सांगितलं! आणि त्याच आठवड्यात तुझं प्रमाणपत्र आलं. 'स्मरणार्थ' हा शब्द विनी कुठे शिकली असेल? धक्क्यावर गार्थच्या नावाचा बाक आहे, त्याच्या पितळी पाटीवर. शाळेत जातायेता ती त्या पाटीवरून बोट फिरवत वाचते.

शनिवारी क्लबचा हॉल. गावात दुसरा हॉलच नाही. लग्न असो, बिंगो असो की दुखवटा, टेबलं तीच आणि चहाचं गळकं पिंपही तेच. मी रंगीत फुगे लावले होते. पाहुणे आले ते काळ्या कोटात, हळू पावलांनी, झाकणवाली भांडी घेऊन. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपापलं नाव. (मागच्या वेळची भांडी आम्ही अजून परत केली नाहीत, त्यामुळे दोघीतिघी हळूच स्वयंपाकघरात शिरून बुडं तपासत होत्या, दुःख दुःखाच्या जागी, भांडं भांड्याच्या.) प्रत्येक जण विनीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, पेटीत काहीतरी टाकायचा आणि भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. पोरं साखरेचे रंगीत दाणे लावलेला लोणीपाव तोंडात धरून आईबापांकडे बघत होती. रेग बोलायला उभा राहिला. बिचाऱ्याला भाषण एकच येतं. पथकाच्या वतीने आभार मानले आणि सवयीने म्हणाला, "आता आपण सगळे क्षणभर शांत उभे राहू या." राहिले सगळे! फुगा फुटला तेव्हा कुठे मान वर केली.

वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून मी पार्सलचा खेळ काढला. गाणं थांबलं की हातातल्या पार्सलचा एक कागद सोडायचा, शेवटचा कागद सोडेल त्याला बक्षीस. शेवटच्या कागदातून अस्वल निघालं. (तेवढंच कोचावरचं एक कमी, असा माझा हिशेब होता.) ब्रॉनने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. तेवढ्यात कोणीतरी आत येताना ते कार्ड तिच्या हातात दिलं, आणि ब्रॉनने ते पहिल्यांदा वाचलं. कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं आणि केक आणायला गेली. मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

केकची गंमत सांगायची राहिली. विनीने पूर्वीपासून हट्ट धरला होता, पोहण्याच्या तलावाचा केक हवा, हिरव्या जेलीचं पाणी आणि त्यात साखरेची माणसं. ब्रॉनने केला. ओट्यावर ठेवून पाहिला, आणि पाण्यात आडवी पडलेली ती साखरेची माणसं बघून तिने वर भांडंभर चॉकलेट ओतलं आणि सगळी जमीन करून टाकली. अशा केकवर सात मेणबत्त्या लावल्या. सगळे गाणं म्हणाले, स्मशानात म्हणावं तसं. म्हटलं, "फुंक, विनी."

"नाही."

"का गं?"

"मी अजून बाहेर आहे," विनी म्हणाली. "विझल्यावर मला पेटीत घालणार ना? मग मी नाही विझवणार."

कोणाला कळेना. मग तिने शांतपणे, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं. वस्तू आणू नका, पथकाला पैसे द्या, असं माणूस मेल्यावरच सांगतात. डॅडीच्या वेळी तसंच होतं. कार्डही तेच आहे. थेल्मामावशी तिला बघून रडली. उनाआजीने तर 'स्मरणार्थ' लिहून पाठवलंय, बाकावर लिहितात तसं. आणि पेटीत उशी नसते, हे आजोबांनीच सांगितलं. मेणबत्त्यांचं मेण चॉकलेटवर गळत होतं. ब्रॉनने तिला उचलून घट्ट धरलं, आणि मग आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. तुला काही होणार नाही, वेडे. सगळं छान आहे. आजोबा शपथ घेतात. मला वाटतं, पन्नास जण एका पोरीला एकच गोष्ट सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॅडी चहापर्यंत येईल, हेपण तुम्ही सगळ्यांनीच सांगितलं होतं."

ताई, मी वादळं पाहिली आहेत, मित्र गमावलेत, मुलगा पुरलाय. पण त्या हॉलमध्ये, कागदी टोपी घालून, त्या पोरीसमोर खाली मान घालून उभा होतो तेवढा लाचार मी कधी झालो नव्हतो. ती खोटं बोलत नव्हती. आमच्यावर तिने का विश्वास ठेवावा?

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि डल्सी ट्रॅस्क आत आली. आमची शेजारीण. तुला ती शाळेतली आठवत असेल, तुझी पेन्सिल चावणारी. अजून तशीच आहे, फक्त दात बदललेत. गार्थच्या कुत्र्याने तिचे कोबी उकरले म्हणून ती त्याच्याशी दोन वर्षं बोलत नव्हती आणि रागाने त्याच्या अंत्ययात्रेलाही आली नव्हती. आलीच नव्हती, म्हणून सबंध गावात ते कार्ड न ओळखणारी ती एकटी. आमचं कार्ड तिने नगरपालिकेचं पत्रक समजून चुलीत घातलं होतं. विनीने तिला कार्ड छापायच्या आधीच कुंपणावरून बोलावून ठेवलं होतं, तेवढ्यावर ती आली.

"गाडी कोणाची ती माझ्या फाटकासमोर?" ती ओरडली. मग सगळीकडे बघून, "हे काय, स्मशानात उभे राहिल्यासारखे काय उभे? मेलंय का कोणी?"

बेकरीवाला रेग खोकला. डल्सीने कोणाकडे लक्ष दिलं नाही. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बोचकं तिने विनीसमोर आदळलं. "हे घे. वाढदिवस आहे ना तुझा? आणि कागद फाडू नकोस, मला लागतो."

विनीने कागद न फाडता सोडला. आत लालभडक गमबूट. तिथल्या तिथे तिने बूट काढून त्यात पाय घातले. पाय कुठल्या कुठे गडप झाले.

"मोठे होतात," विनी म्हणाली.

"होणारच. वाढत्या अंगाचे आणलेत. निदान दोन हिवाळे गेले पाहिजेत. दरवर्षी तुला बूट घ्यायला माझी काय टांकसाळ आहे?" (दुकान बंद होणार म्हणून अर्ध्या किमतीत मिळाले आणि तेवढंच माप उरलं होतं, हे मला नंतर कळलं.)

"दोन हिवाळे?" विनीने विचारलं. "माझे?"

"नाहीतर काय माझे? नीट वापरलेस तर तीन. पण तुझ्या बापासारखे होडीएवढे पाय फुटले तर माझा इलाज नाही."

ताई, ऑगस्टपासून आमच्या घरात, दुकानात, धक्क्यावर कोणी गार्थचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. आम्ही 'तेव्हा' म्हणायचो, 'त्या वेळी' म्हणायचो. विनी बुटांकडे बघत होती.

"डॅडीचे पाय होडीएवढे होते?"

"होडीएवढे! माझे कोबी त्यानेच तुडवले. कुत्र्याचं नुसतं नाव."

आणि विनी हसली. तिच्या मागे ब्रॉन हसली, मग ब्रॉन रडली, मग थेल्माने एकदाचं मोकळेपणाने नाक शिंकरलं. विनीने डल्सीकडे नीट पाहिलं. माझं, आईचं, सगळ्या गावाचं बोलणं तिने तोलून बाजूला ठेवलं होतं, पण डल्सी ट्रॅस्क एक दमडी वाया घालवणार नाही हे त्या पोरीला पक्कं माहीत होतं. मरणाऱ्या मुलीला डल्सी तीन हिवाळ्यांचे बूट घेणं शक्यच नव्हतं. ती फताक फताक करत खुर्चीवर चढली आणि एका फुंकरीत सातही मेणबत्त्या विझवल्या. केकवर मेणाचं तळं झालं होतं. तरी आम्ही खाल्ला.

पथकाला बरंच मिळालं, रेग खूश आहे, इंजिन येईल. डल्सीने पेटीत काही टाकलं नाही, म्हणाली, दिसलीच नाही. जाताना मात्र आपलं नसलेलं एक भांडं घेऊन गेली. मी कोणाला बोललो नाही. रविवारी ब्रॉनने उरलेली सगळी कार्डं शेगडीत घातली आणि मग कोचावरची अस्वलं गोळा करून शाळेच्या जत्रेला पाठवली. आता आम्हाला बसायला जागा आहे, पण कोणी बसत नाही, सवय गेली. विनी बूट घालूनच झोपते. ब्रॉन ओरडत नाही.

बाकी सगळं ठीक म्हणायचं. गुडघ्याला जप. लोभ असावा असं लिहीत नाही. लहानपणी तू मला खाडीत ढकललंस तरी जो राहिला, तो आता कुठे जाणार?

तुझा धाकटा,
क्लेम

ता. क. तुझं प्रमाणपत्र ब्रॉन जाळायला निघाली होती. विनीने दिलं नाही. तिने त्याची घडी करून डाव्या बुटाच्या टोकात कोंबली आहे, तेवढाच पाय घट्ट बसतो. जाड कागदाचा उपयोग झाला.

ता. क. पुन्हा. आता खरं काम. पुढच्या वाढदिवसाला देणगी देऊ नकोस, प्रमाणपत्र पाठवू नकोस, आणि अस्वल तर मुळीच नको. विनीला स्वेटर विण, लाल. माप सात वर्षांच्या मुलीचं घेऊ नकोस, आठचंही नको. बारा वर्षांच्या मुलीचं घे. बाह्या लांब ठेव. तिने विचारलं तर मी सांगेन, उनाआजी लोकर वाया घालवत नसते.

ता. क. शेवटचं. लोकर उरली तर मलाही एक. वर मोठा होतो म्हणून जे बोललो ते मनावर घेऊ नकोस. होऊ दे मोठा.